काळी पाच

१

चंद्रभानची सकाळ खर्जाने सुरू व्हायची. पहाटे उठून चूळ भरायची, पेलाभर कोमट पाणी घ्यायचं आणि मधल्या खोलीत चटईवर बसून, मोठा तंबोरा छेडत, गळ्यातला सगळ्यात खालचा सूर धरायचा. श्वास संपेपर्यंत धरायचा. संपला की पुन्हा घ्यायचा आणि पुन्हा तोच. नागपूरच्या हनुमाननगरातलं ते भाड्याचं घर तीन खोल्यांचं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये ही बिनखिडकीची खोली. तिथे सूर कोंडून राहायचा. बाहेर दूधवाल्याच्या सायकलची घंटी वाजायची, मोठ्या रस्त्याने मेडिकल कॉलेजकडे पहिली बस जायची, स्वयंपाकघरात गोपिका स्टोव्हला पंप मारायची, आणि या सगळ्याच्या खालून चंद्रभानचा खर्ज, जड पेटी फरशीवरून ओढावी तसा सरकत राहायचा.

तो आवाज त्याने कमावलेला होता. जन्माने मिळालेला आवाज वेगळाच होता.

सावनेरजवळच्या त्याच्या गावी बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटलं तसं त्यालाही फुटलं. आवाज मात्र फुटला नाही. तो लहानपणी होता तिथेच, उंचावर राहिला. गावाला त्याचं काही वाटलं नाही. भजनात वरची ओळ चंद्रभानची, हे ठरलेलंच. गोपिकेच्या बापाने हे स्थळ काढलं तेव्हा पोरीने म्हणे एकच विचारलं होतं, "तोच का, वरच्या आवाजाचा?" आणि हो म्हणाली होती.

नागपुरात आल्यावर त्याला कळलं की आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. पेटीवर पाच काळ्या पट्ट्या असतात. गाणारे पुरुष पहिलीला, फार तर दुसरीला आपला सा धरतात. पाचवी बायकांची आणि लेकरांची. चंद्रभानचा सा काळी पाचला होता. महाल भागातल्या मुलींच्या शाळेत तो गाणं शिकवायला लागला, तेव्हा मुलींसाठी त्याला पट्टी बदलावी लागली नाही, आणि मुली त्यालाच हसायच्या. शाळेच्या फोनवर तो "हॅलो" म्हणाला की पलीकडून "बाई, जरा मोठ्या बाईंना बोलवता का?" असं यायचं. आणि मागच्या वर्षीच्या जलशात तर कहर झाला. पडद्याआड बसून त्याने नुसता सा लावून पाहिला, आणि बाहेरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "बाईचं गाणं आहे वाट्टे!" मग पडदा उघडला. समोर हा, मिशीवाला, कोट घातलेला. जे हसू उठलं त्यातूनच त्याने गाणं सुरू केलं आणि त्यातच संपवलं.

त्याचे गुरू आनंदराव, शहरात ज्यांचं नाव होतं असे वृद्ध गवई, त्या दिवशी रागावले नाहीत. पानाची चंची बाजूला सारून म्हणाले, "चंद्रभान, तू बेसूर नाहीस, बेताल नाहीस. पण तुझं गाणं ऐकताना डोळे मिटले की समोर बाई येऊन बसते. याला मी काय करू, तूच सांग."

त्या दिवसापासून त्याने खर्ज धरला. स्वतःचा जुना, लहान तंबोरा गोपिकेच्या विटक्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. बोलणंसुद्धा खाली आणलं, इतकं की दिवस मावळेपर्यंत गळा ठणकायचा.

"तो आवाज गेला असं समज," त्याने गोपिकेला सांगितलं.

गोपिका माळ्याकडे पाहत म्हणाली, "जाईन कुठं तो?"

२

एप्रिल लागला आणि शाळा सकाळची झाली. दुपारी चंद्रभान सायकलवरून रेशीमबागेमार्गे घरी यायचा तेव्हा रस्ता तव्यासारखा झालेला असायचा. त्या दिवशी तो फाटकाशी उतरला, तेव्हा शेजारची रंभाबाई अंगणातल्या खाटेवर मुगाच्या वड्या टाकत होती. ती घरमालकाची विधवा बहीण. दोन्ही घरांना भिंत एकच.

"मास्तर," ती हात न थांबवता म्हणाली, "गोपिकेचा गळा लयच गोड आहे बाप्पा! इतके दिवस सांगतलं नाही तुम्ही."

"गोपिका? तिला कुठे गाणं येतं."

"मंग सकाळी कोण गाऊन राहिलं होतं? माहा हातच थांबला. अर्धी दाळ कोरडी पडली तशीच."

"रेडिओ असेल."

"रेडिओ तं माह्या घरी लागला होता. त्याच्यावर बातम्या होत्या." रंभाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "लपवता काहून, मास्तर? चांगलीच गोष्ट आहे नं."

आत गोपिका भाकरी थापत होती. त्याने विचारलं. ती म्हणाली, "मी? मी तं सकाळपासून सक्करदऱ्याच्या बाजारात होती. आत्ता आली. कुलूप लावून गेली होती."

चंद्रभानने हात धुतले, पाटावर बसला आणि मनाशी हिशेब मांडला. म्हातारीचे कान. उन्हाची तलखी. गल्लीत कोणाकडे तरी ग्रामोफोन आला असेल. या भिंती पातळ, आवाज कुठून येतो ते कळत नाही. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं, आणि त्याला ते पटलंही. फक्त जेवताना त्याच्या लक्षात आलं की आपण मधल्या खोलीकडे पाठ करून बसलो आहोत आणि पाठ थंड पडली आहे.

३

दोन-चार दिवसांनी त्याने माळ्यावरून तंबोरा उतरवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. गोपिका नळावर गेली होती.

लुगड्यावर धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं. वाद्य तसंच पडून राहिलं की नागपूरच्या उन्हाळ्यात काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. लाकूड सुकतं, खुंट्या सैल होतात, तारा उतरतात; आठवड्याभरात ओळखू येऊ नये इतका तंबोरा उतरतो. हा तर वर्षभर पडून होता.

त्याने गाठ सोडली आणि सहज तारांवरून बोट फिरवलं.

चारही तारा लागलेल्या होत्या. केसाचाही फरक नव्हता. काळी पाच.

सूर खोलीभर भरला. त्याने घाईने तारांवर तळहात ठेवला. तळहाताखाली तारा थोडा वेळ थरथरत राहिल्या, जितका वेळ राहायला हव्यात त्याहून जरा जास्त. मग त्याला तो डाग दिसला. डांडीवर, गाणाऱ्याचा कान जिथे टेकतो तिथे, तेलाचा डाग. बोट लावून पाहिलं तर ओला. वास खोबरेलाचा. घरात सगळेच खोबरेल लावायचे. त्यात नवल काही नव्हतं.

गोपिका पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा तो एकेक खुंटी पिळून तारा उतरवत होता. तारा लोंबायला लागेपर्यंत त्याने पिळल्या. ती दारात उभी राहून पाहत होती.

"तू वाजवतेस का हा?" त्याने विचारलं.

"मले लावता येते का तंबोरा?"

"मग कोणी लावला?"

गोपिकेने घागर खाली ठेवली. "तुम्हाले एवढी लाज काहून वाटते त्याची?" ती म्हणाली. रागाने नव्हे. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं.

लोंबत्या तारांचा तंबोरा लुगड्यात गुंडाळताना त्याला उगाच वाटलं, की आपण कोणाचं तरी तोंड बांधतो आहोत. तरी त्याने गाठ घट्टच मारली.

४

मग एके दिवशी शाळेत कोणत्या तरी बैठकीमुळे तास रद्द झाले आणि तो लवकर निघाला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलेलं, कुठेतरी एक कूलर घरघरत होता. चंद्रभान सायकलवरून उतरून ती हातात धरून चालत होता, आणि घर अजून थोडं लांब असतानाच त्याला तो आवाज ऐकू आला.

पहिल्यांदा त्याचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.

त्याचाच आवाज होता. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला तर माणसाला ओळखू येत नाही म्हणतात. त्याला लगेच ओळखू आला. तोडी रागाची आळवणी चालली होती. सावकाश, एकेका सुरावर बसत, काहीही सिद्ध करायचं नसल्यासारखी. तो स्वतः गायचा तेव्हा वरच्या सा जवळ आलं, की त्याच्या डोक्याच्या कोपऱ्यात कोणीतरी हसायचं आणि सूर किंचित आक्रसायचा. नागपुरात आल्यापासून आक्रसत आला होता. हा आवाज वर गेला, सा ला भिडला आणि तिथे उन्हासारखा उभा राहिला. त्यात भीती नव्हती. लाज नव्हती. एवढा एकच फरक होता दोघांत.

किती सुंदर आहे, असं त्याच्या मनात आलं आणि तो फाटकाशी येऊन थांबला.

मागून एक पोस्टमन सायकलवरून आला आणि पाय टेकवून थांबला. तोही ऐकत राहिला. मग टोपी मागे सारून म्हणाला, "काय गळा आहे हो! कोण बाई राहते इथं?"

"बाई" या शब्दासरशी चंद्रभानच्या कानशिलांत रक्त चढलं. जलशातलं ते हसू जसंच्या तसं उठलं. त्याने आवाज शक्य तितका खाली नेला आणि म्हणाला, "मला माहीत नाही. मी इथला नाही."

घरातलं गाणं थांबलं. तान अर्धीच सोडून.

पोस्टमन निघून गेला. चंद्रभानने सायकल भिंतीला टेकवली. दार नुसतं लोटलेलं होतं. मधल्या खोलीच्या उंबरठ्यावर गोपिका त्याच्याकडे पाठ करून बसली होती. मांडीवर तांदळाचं सूप, तांदूळ निवडायचे राहिलेले. पलीकडे खोलीत अंधार. चटई अंथरलेली. चटईवर कोणी नव्हतं. माळ्यावर लुगड्याचं गाठोडं होतं तसंच होतं.

"कोण होतं आत?" त्याने विचारलं.

गोपिकेने वळून पाहिलं. डोळे ओले होते. "तुमचाच आवाज होता," ती म्हणाली. "मले वाटलं तुम्ही लवकर आले."

"मी आत्ता येतो आहे."

"मले मालूम आहे." तिने पदराने तोंड पुसलं, सूप उचललं आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "बाहेर तुम्ही त्या पोस्टमनले काय म्हटलं, तेही ऐकलं आम्ही."

तिने आम्ही म्हटलं होतं. त्या एका शब्दावर तो बराच वेळ उभा राहिला. नागपुरात बाया स्वतःला आम्ही म्हणतात की, त्याने स्वतःला सांगितलं. पुष्कळ म्हणतात.

गोपिका कधी म्हणत नसे.

५

त्याने तो तंबोरा अरुंधतीला देऊन टाकला. अरुंधती कॉलेजात शिकायची, आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे गाणं शिकायला यायची आणि आनंदरावांच्या घरच्या बैठकींत त्याच्यामागे तंबोऱ्यावर बसायची. शांत, डोळ्यांत डोळे घालून ऐकणारी मुलगी. तंबोरा पाहून ती हरखली.

"खरंच मला, सर? तुम्हाला लागणार नाही?"

"माझ्या पट्टीचा नाही तो," चंद्रभान म्हणाला.

गोपिका स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. अरुंधती रिक्षात तंबोरा मांडीवर घेऊन बसली, तशी ती रस्त्यापर्यंत गेली. लेक सासरी निघाली की बाया जातात, तशी.

घर गप्प झालं. रंभाबाईने दोनदा विचारलं, "गोपिका, गात नाहीस वं आजकाल?" आणि गोपिकेने नुसती मान हलवली. ती आता कामापुरतं बोलायची. भाजीत मीठ राहून जायचं. चंद्रभानला मात्र बरं वाटत होतं. बघ, तो स्वतःशी म्हणायचा, वाद्यात काहीतरी असेल. उन्हाने लाकूड बोलतं. सगळ्याला कारण असतं. खर्जही आता स्थिर लागत होता, आणि आनंदरावांनी धंतोलीतल्या सभागृहात होणाऱ्या रविवार सकाळच्या मैफलीत त्याचं नाव घातलं होतं. "मागचं पुसून टाक," ते म्हणाले होते.

मैफलीच्या आदल्या दिवशी अरुंधती तालमीला आली. निघताना चप्पल घालता घालता थांबली.

"सर, एक विचारू? मी त्या तंबोऱ्याला माझ्या पट्टीत, काळी चारला लावते. सकाळी पाहते तर काळी पाच."

"ऊन आहे," तो म्हणाला.

"उन्हानं तार उतरते, सर," अरुंधती हळूच म्हणाली. "चढत नाही."

६

सभागृह भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, मध्ये जाजमाची मोकळी पट्टी. पहिल्या ओळीत आनंदराव लोडाला टेकून. बायकांत पुढेच गोपिका आणि तिच्याशेजारी रंभाबाई. उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, आणि चंद्रभानच्या मागे उजवीकडे अरुंधती मोठा तंबोरा घेऊन. दुसऱ्या तंबोऱ्याला माणूस मिळालं नव्हतं, त्यामुळे मागची डावी बाजू रिकामी होती.

त्याने काळी एकला सा लावला. कोणी हसलं नाही. जाडसर, धुळकट, पण पुरुषाचा सा. त्याला हायसं वाटलं. तोडीचा विस्तार सुरू झाला. खालचं सगळं नीट गेलं. मधलं गेलं. लोक सभ्यपणे ऐकत होते. कोणी पाय बदलून बसलं, कोणी जांभई दाबली. आनंदराव मान हलवत होते खरे, पण मास्तराने हजेरी घेताना हलवावी तशी.

मग अंतरा आला. अंतऱ्याला वरच्या सा वर जावंच लागतं. गेलं वर्षभर तो तिथे कसाबसा पोचायचा आणि चटकन उतरायचा. आजही त्याने श्वास भरला, तोंड उघडलं, आणि गळा मिटला. वीतभर दार उघडून आतून कोणीतरी लावून घ्यावं, तसा मिटला.

आणि वरचा सा लागला.

मागून आला तो. त्याच्या डाव्या खांद्याच्या मागून, इतक्या जवळून की मानेवरचे केस हलले. स्वच्छ, उंच, निर्भय. सभागृहात एकदम शांतता झाली आणि मग कोणाच्या तरी तोंडून "अहाहा" निघालं.

चंद्रभान तोंड उघडं ठेवून बसला होता. काय करावं? थांबावं, वळून पाहावं, लोकांना सांगावं? सूर सा वरून ओघळला, पुढचे शब्द आले, आणि त्याचे ओठ त्या शब्दांबरोबर हलायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेच हलवले. आवाज वर गेला की तो हात वर न्यायचा, समेवर आला की मान टाकायचा. तबलजी त्याच्याकडे पाहून खुलला. पुरुषांच्या बाजूने दाद येऊ लागली. एकही माणूस हसत नव्हता. ज्या आवाजाला हसले होते त्याच आवाजाला, तीच माणसं, छातीवर हात ठेवून ऐकत होती.

त्याने बायकांकडे पाहिलं. रंभाबाई तोंडावर बोट ठेवून बसली होती. गोपिका त्याच्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या खांद्यामागे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर त्याने पाहिलं नव्हतं.

द्रुत लय सुरू झाली. त्याची नजर तबलजीच्या डग्ग्यावर पडली. पितळी डग्गा, निकल चढवलेला, लखलखीत घासलेला. त्याच्या फुगीर पोटात सगळं व्यासपीठ वाकडंतिकडं मावलं होतं: वरचा दिवा, तंबोऱ्याची लांबच लांब डांडी, अरुंधती, ती अंग चोरून उजवीकडे सरकून बसलेली. मध्ये तो स्वतः. आणि त्याच्या खांद्याच्या मागे काहीतरी पांढरं. त्यात एक तोंड. पूर्ण उघडलेलं.

त्याखालचं त्याचं स्वतःचं तोंड बंद होतं.

किती वेळापासून बंद होतं ते त्याला माहीत नव्हतं. आणि लोक त्याच्याचकडे बघून टाळ्या वाजवत होते.

७

पडद्यामागे आनंदरावांनी त्याला मिठी मारली. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

"मी चुकलो रे. आज डोळे मिटले आणि बाई दिसली नाही. बुवाही दिसला नाही. नुसता सूर होता. हा आवाज इतके दिवस कुठे ठेवला होतास?"

आता सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. चंद्रभानने तोंड उघडलं, आजूबाजूला जमलेले चेहरे पाहिले, गळ्यात कोणीतरी घातलेला मोगऱ्याचा हार पाहिला, आणि खाली वाकून म्हणाला, "आपलीच कृपा."

ते शब्दही नीट निघाले नाहीत. कुजबुजल्यासारखे निघाले. गाऊन गाऊन गळा बसला, असं लोक म्हणाले.

रंभाबाई गर्दीतून पुढे आली. "मास्तर, हा तं तोच आवाज! माह्या भिंतीपलीकडचा! मी गोपिकेचा समजली होती, बाप्पा." सगळे हसले, आणि चंद्रभानही हसला.

मग अरुंधती आली. चेहरा पांढरा पडलेला. तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. उठली, एक पाऊल डावीकडे सरकली, आणि जिथे मोकळी फरशी होती तिथे पुन्हा वाकली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ. उठून कोणाकडेही न बघता निघून गेली. तिने ते केलेलं आनंदरावांनी पाहिलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्यांनी पानाची चंची शोधायला सुरुवात केली.

गोपिका कुठे आहे, म्हणून चंद्रभानने विचारलं, तर कोणीतरी सांगितलं, "त्या केव्हाच गेल्या. रिक्षात बसताना पाहिलं मी. तुम्ही दोघं बरोबरच गेलात असं वाटलं मला."

८

तो सायकलने घरी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत त्याने ठरवलं होतं. गोपिकेपुढे बसायचं आणि सगळं सांगायचं: मी त्या आवाजाला नाकारलं, आणि आज लोकांसमोर त्याचं गाणं माझं म्हणून घेतलं. मग ती म्हणेल ते करायचं. खर्ज सोडायचा. आपल्या सुरात, काळी पाचला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं गायचं. हसोत लोक. हे ठरवल्यावर त्याला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं होतं.

दार लोटलेलं होतं. मधल्या खोलीचं दार बंद होतं, आणि आत गाणं चालू होतं.

त्याने हाक मारली, "गोपिका." नुसती हवा निघाली. पुन्हा मारली. ना खाली, ना वर. गळ्यात काहीच नव्हतं. मग तो बैठकीच्या मध्यावर उभा राहिला, डोळे मिटले आणि जन्मापासून जिथे त्याचा सा होता तिथे तो शोधला. तोंड उघडलं. जिथे सूर लागायचा ती जागा होती. तिथे कोणी राहत नव्हतं. दाराच्या फटीतून वारा यावा तसा एक आवाज आला, आणि आतला आवाज मात्र बंद दारामागे निवांत पसरत राहिला.

ती हवा आत ऐकू गेली असावी. दार थोडं उघडलं आणि गोपिका बाहेर आली. तिच्यामागे अंधार होता आणि अंधारात चटईचा कोपरा. त्या कोपऱ्यावर एक गुडघा होता, धोतर नेसून मांडी घातलेल्या माणसाचा. तिने दार मागे ओढून घेतलं.

तिने चंद्रभानकडे पाहिलं. राग नव्हता, ओळखही नव्हती. अवेळी कोणी दारात आलं की घरच्या बाईच्या चेहऱ्यावर जी अडचण येते, तेवढी होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नजर खाली केली आणि हळू आवाजात, आतल्याला त्रास होऊ नये अशा बेताने म्हणाली, "बसा नं. हे गाऊन राहिले."

त्याच्या अंगावर अजून हार होता. त्याने तो काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातात धरला. मग चपला दाराबाहेर, अगदी कडेला काढून ठेवल्या आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर टेकला.

गोपिकेने ताटलीत ठेवून पाण्याचा पेला आणला. त्याने मान वर न करता घेतला.

आत अंतरा सुरू झाला होता.